सर्जेरावांनी पाडलेला पडदा

आमच्या कोरेगावात टीव्हीवर सामना रंगात आलेला असताना लाईट गेली, की कुणीतरी म्हणतंच, "सर्जेरावनं पडदा पाडला." लग्नात भटजी मंगलाष्टकं आवरती घ्यायला लागले, की मागच्या रांगेतून सूचना येते, "भटजी, सर्जेराव करू नका." गेल्या महिन्यात माझ्या सुनेनं भाकरी कच्चीच तव्यावरून उतरवली आणि स्वतःच हसून म्हणाली, "झाला सर्जेराव." तिनं सर्जेरावांना कधी पाहिलेलं नाही. ते नाव कुणा जिवंत माणसाचं होतं हेही तिला ठाऊक नव्हतं.

सर्जेराव फडतरे यांनी आमच्या नाट्यमंडळाचा पडदा बावीस वर्षं ओढला. या बावीस वर्षांत त्यांचा पडदा एकदाही चुकला नाही. हे मी विचार करून लिहितो आहे, कारण मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत याच्या उलट एक वाक्य आहे आणि ते माझ्या अक्षरात आहे. मंडळाला पन्नास वर्षं होतात म्हणून स्मरणिका निघते आहे. तिच्यात ते वाक्य जसंच्या तसं छापायला गेलं होतं. मी ते काढायला लावलं आणि त्याच्या जागी हा मजकूर देतो असं संपादकांना कळवलं.

मी तेव्हा मंडळाचा चिटणीस होतो. हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि मंडळाच्या नाटकांत बहुतेक वेळा मुख्य काम माझ्याकडे असायचं. माझ्याबद्दल एवढं पुरे.

सर्जेराव पूल बांधणाऱ्या पलटणीत होते. दोर, कप्पी, गाठ यांत त्यांची उमेदीची वर्षं गेली. पेन्शनीत आल्यावर त्यांनी आल्याची शेती धरली. त्यांच्या अंगाला, कपड्यांना, पिशवीला आल्याचा वास असायचा आणि खिशात सोललेल्या आल्याचे तुकडे. विंगेतून रंगमंचावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ते एक तुकडा ठेवायचे. "घशात धरा. चावू नका." नाकारायची सोय नव्हती. एकदा नायिकेचं काम करणाऱ्या मुलीनं तो चुकून चावला आणि प्रेमाच्या प्रवेशात तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्जेराव विंगेत म्हणाले, "बघा. औषध लागू पडलं."

आमची तालीम हायस्कूलच्या हॉलमध्ये चालायची. तिथं पडदा नव्हता. तरी सर्जेराव पहिल्या दिवसापासून रोज तालमीला यायचे. खिडकीच्या वरच्या गजाला ते चार वाव दोरी अडकवायचे, खाली उभे राहायचे आणि प्रवेश संपला की ती दोरी खरोखर सोडायचे. पडदा नसलेली दोरी हातातून सरसर जायची. नवीन आलेली मुलं हसायची. दिग्दर्शक नाना मात्र दोरीचा आवाज थांबेपर्यंत पुढचा प्रवेश सुरू करायचे नाहीत.

संहिता त्यांनी कधी वाचली नाही. ऐकून ऐकून त्यांना सगळं नाटक पाठ व्हायचं. दोरीला तीन ठिकाणी तीन रंगांचे धागे बांधलेले असायचे. पडदा कुठवर आला ते बोटांना कळायचं, मान वर करायला लागायची नाही. "डोळं नटावर, हात दोरीवर," असं ते म्हणायचे. प्रयोगाच्या आधी रिकाम्या नाट्यगृहात तीनदा पडदा वरखाली करायचे, कप्पीत तेल सोडायचे आणि मेणबत्ती घेऊन सबंध दोरी घासायचे. पडद्याची त्यांची स्वतःची मतं होती. हसवणारा प्रवेश असेल तर पडदा खटकन पडला पाहिजे, माणसं हसतायत तोवरच. रडवणारा असेल तर तो खाली येतोय हे लोकांना कळताच कामा नये. "म्हातारं माणूस खाली बसतं तसा. आधी गुडघं, मग बाकीचं."

नटांबद्दलही मतं होती. एका नाटकात मी शेवटी मरायचो. मरताना माझं दीड पानाचं भाषण होतं. तिसऱ्या तालमीनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आवं मास्तर, राग धरू नका. तुमी मरायला लय टैम घेता."

"नाटक आहे हो, सर्जेराव."

"व्हय, पण मी माणसं मरताना बघितल्यात. येवढं कुणी बोलत न्हाई. एकजण तर म्हणला, माझं बूट काढा. बास."

मला राग आला होता. पण ते भाषण मी चार ओळींवर आणलं आणि त्या कामाचं लोकांनी कौतुक केलं. सर्जेरावांची सूचना होती हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. पुढच्या गोष्टीची ती रंगीत तालीमच म्हणायची.

शिरवळला एका कारखान्याच्या स्नेहसंमेलनात आमचा प्रयोग होता. मांडव घातलेला, पडदा आमचा स्वतःचा, मखमली आणि भयंकर जड. पहिला अंक सुरू झाला आणि दोरी अडकवायची खुंटी मोडली. सर्जेरावांनी दोरी दोन्ही हातांवर घेतली आणि अंक संपेपर्यंत पडदा तसाच तोलून धरला. चाळीस मिनिटं. आम्हाला कुणालाच पत्ता नाही. मध्यंतरात चहाचा पेला धरता येईना तेव्हा वसुधाताईंच्या लक्षात आलं. वसुधाताई आमच्या मंडळातल्या सगळ्यांत चांगल्या नटी. गावात शिवणक्लास चालवायच्या. त्यांनी सर्जेरावांचे तळवे उलटे करून पाहिले. मंडळातली बरीच माणसं सर्जेरावांना तात्या म्हणायची.

"तात्या, हाक तरी मारायची."

"हाक मारली असती तर परेक्षकांनी ऐकली असती की."

"मग सोडायची दोरी."

"खाली तुमी हुता, ताई. मखमल हाय, पण बांबूसकट हाय."

त्यानंतर आठवड्याभरात वसुधाताईंनी त्यांना जाड कॅनव्हासचे हातमोजे शिवून दिले. आतून जुन्या सोलापुरी चादरीचं अस्तर. पुढं प्रत्येक प्रयोगाला ते हातमोजे सर्जेरावांच्या हातांत दिसले. प्रयोग झाला की ते झटकून, घडी घालून, आल्याच्या पिशवीत ठेवायचे.

आता कोयनानगरचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. धरणाच्या वसाहतीत आमचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात जमीन हलली. दिवे झुलायला लागले, टेबलावरचा तांब्या घरंगळला. मी वाक्य विसरून उभा राहिलो, दोघंजण विंगेकडे पळाले. प्रेक्षक मात्र जागचे हलले नाहीत. त्यांना रोजचंच होतं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "चालू द्या, छोटाच आहे." एवढ्या गोंधळात पडदा वरच राहिला. परतीच्या गाडीत मी सर्जेरावांना विचारलं, "पाडला का नाहीत?"

"कुणी सांगितलं न्हाई."

"अहो, दिसत नव्हतं का?"

"दिसत हुतं. पण नाटक चाललंय का बंद पडलंय हे मी कोण ठरवणार? हुकूम पायजे."

मग त्यांनीच तोड काढली. मुख्य नटानं एक खूण करायची. मला चष्मा होता आणि बहुतेक भूमिका मी चष्मा लावूनच करायचो. तो काढून, घडी घालून वरच्या खिशात ठेवला, की पडदा. पुढं काय ते मागनं बघू.

"नानांना सांगून ठेवू?" मी विचारलं.

"नको. हे दोघांतच ऱ्हाऊ द्या. सगळ्यांना कळलं तर जो तो चष्मा काढंल."

तेव्हा आम्ही दोघंही हसलो. सात वर्षं ती खूण कधी लागली नाही.

आठव्या वर्षी आम्ही सांगलीच्या नाट्यस्पर्धेत उतरलो. नाटक आमच्याच एका सभासदानं लिहिलेलं होतं. रेल्वेचा निवृत्त गार्ड आणि त्याची बायको, एवढीच दोन महत्त्वाची पात्रं. सबंध नाटकभर गार्ड बोलतो आणि बायको घरातली कामं करत राहते. शेवटची चौदा मिनिटं फक्त ती बोलते आणि तो ऐकतो. नाटक त्या चौदा मिनिटांसाठीच लिहिलेलं होतं. गार्ड मी, बायको वसुधाताई. सात महिने त्या शिवणक्लास लवकर बंद करून तालमीला येत होत्या. शेवटच्या प्रवेशात त्या भांडी घासता घासता बोलायच्या आणि तालमीत आम्ही दरवेळी तेच ऐकत असूनही गप्प व्हायचो. सर्जेराव तर खिडकीखाली दोरी धरून असे उभे राहायचे, की दोरीचा पीळ सुटतोय याचंही भान नसायचं.

सांगलीत माझं शेवटचं मोठं भाषण आलं. ते झालं की वसुधाताईंचा प्रवेश. भाषणाच्या मध्यावर मी थांबलो. पुढचं नव्हतं. समोरच्या विंगेतून प्रॉम्प्टरनं वाक्य दिलं. ते मला स्वच्छ ऐकू आलं, पण ते कुणाचं, कुणाला म्हणायचं, हेच कळेना. त्यानं पुन्हा दिलं. पहिल्या रांगेत परीक्षकांच्या टेबलावरचा छोटा दिवा दिसत होता आणि त्या उजेडात लिहिता लिहिता थांबलेला एक हात. वसुधाताई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी नाटकात नसलेलं एक वाक्य टाकून मला सावरायला पाहिलं. मी चष्मा काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

हे नकळत झालं असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. उजवीकडच्या विंगेत सर्जेराव आहेत हे बघून मी तिकडे तोंड वळवलं होतं.

पडदा आला. तो खटकन आला असता तर काहीतरी बिघडलं हे लोकांना कळलं असतं, माफी मागून पुन्हा वर घेता आला असता. पण सर्जेरावांनी वसुधाताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं असणार. त्यांनी तो संथ सोडला, आधी गुडघं, मग बाकीचं. इतका सुरेख पडला की लोकांना नाटक संपलं असंच वाटलं. टाळ्या झाल्या, प्रेक्षागृहातले दिवे लागले, परीक्षक कागद गोळा करून उठले. नाना धावत गेले, पण नियमाप्रमाणे प्रयोग संपला होता.

रंगपटात सगळे सर्जेरावांभोवती होते. नानांचा आवाज चढला होता. "तात्या, अहो कुणी सांगितलं तुम्हाला?"

सर्जेरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी आरशासमोर तोंडावरचा रंग पुसत होतो. चष्मा अजून खिशातच होता. ते माझ्याकडे पाहत राहिले, एखादा माणूस दारातून बाहेर येईल म्हणून वाट बघावी तसे. मी कापूस बदलला.

"चूक झाली," ते म्हणाले. "माझी."

वसुधाताई ओरडल्या नाहीत. त्यांच्या हातात अजून नाटकातलं पातेलं होतं. "तात्या," त्या म्हणाल्या, "सात महिने तुम्ही रोज ऐकत होतात. तुम्हाला कळलं नाही मी बोलायची राहिलेय ते?"

सर्जेरावांनी हातमोजे काढले, झटकले, घडी घातली आणि त्यांच्यासमोर रंगाच्या टेबलावर ठेवले. मग गाडीत जाऊन बसले.

पुढच्या सभेत मी इतिवृत्त लिहिलं. "पडदा ओढणाऱ्या सभासदांच्या अनवधानामुळे शेवटचा प्रवेश होऊ शकला नाही." ठराव वगैरे काही करावा लागला नाही, सर्जेराव आपणहून यायचे थांबले. मंडळानं पुढच्या वर्षी विजेवर चालणारा पडदा घेतला. मी आणखी सहा वर्षं कामं केली. माझं पाठांतर गेलं अशी कुजबूज तेव्हा झाली असती तर मला एकही वर्ष मिळालं नसतं, आणि मला ती वर्षं हवी होती. वसुधाताईंनी पुन्हा काम केलं नाही. वर्षभरात गावात ती म्हण सुरू झाली. चेष्टेनं सुरू झाली आणि मग तशीच रुळली. एकदा मी स्टँडवर उभा असताना एसटी वेळेआधी सुटली आणि एक पोरगेलासा कंडक्टर दुसऱ्याला म्हणाला, "सर्जेराव झाला गड्या." चार पावलांवर सर्जेराव आल्याचं पोतं घेऊन उभे होते. त्यांनी पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मला बघून म्हणाले, "काय मास्तर, बरं हाय न्हवं?" मी बरं आहे म्हणालो.

चौदा वर्षं गेली. मागच्या मार्गशीर्षात मी इतिवृत्ताची वही घेऊन त्यांच्या रानात गेलो. ते बांधावर बसून नुकत्या काढलेल्या आल्याची माती झाडत होते. त्यांची सून चहा ठेवून गेली. मी वही उघडून ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं आणि म्हणालो, "हे खोटं आहे. मी लिहिलंय."

"माहीत हाय की."

"मग तुम्ही त्या वेळी बोलला का नाहीत?"

"हुकूम कुणी दिला ते वरच्यानं सांगायचं असतं, मास्तर. खालच्यानं न्हाई." त्यांनी एक गड्डा मोडला. "मी वाट बघितली तुमची."

"किती दिवस?"

"दिवस कुठलं. कराड येईस्तवर. मग झोप लागली."

ते हे हसून म्हणाले. त्यात टोचणी नव्हती, असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, आता सभा बोलावतो, सगळ्यांसमोर सांगतो. त्यांनी नकाराची मान हलवली.

"माझं जाऊ द्या. ताईला सांगितलं का?"

"नाही."

"तिला आधी सांगा. माझी काय, एक दोरी गेली. तिची चौदा मिन्टं गेली. आन् ती माझ्यामुळं गेली असं तिला अजून वाटतंय. लय दिवस मनात धरलंय तिनं."

सांगतो म्हणालो. वसुधाताई आता सांगलीला मुलीकडे असतात. कोरेगावाहून सांगली लांब नाही. पण आधी थंडी होती, मग माझं गुडघ्याचं दुखणं, मग संक्रांत. माघ संपता संपता सर्जेराव गेले. मंडळानं शोकसभा घेतली. अध्यक्षांनी श्रद्धांजलीत सांगलीचा तो किस्सा सांगितला, आणि शोकसभा असूनही लोक हसले. मीही व्यासपीठावर होतो. तिथंही मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सांगलीला गेलो. वसुधाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते गेले का?"

"परवा."

"चौदा वर्षं त्यांच्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं. मी कोरेगावात होते तोवर त्यांची सून यायची, मग इथं फोन यायचा. मी गेले नाही कधी. ते हातमोजे मी कुकर उतरवायला घेतले, मास्तर. फाटेपर्यंत."

मी पिशवीतून वही काढायला लागलो.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. "आणि हे मला सांगून काय उपयोग? गावाला सांगा. लिहून. तुमचं अक्षर चांगलं आहे."

म्हणून हे लिहिलं. वहीतल्या त्या वाक्यावर मी रेघ मारली आहे, शेजारी सही केली आहे आणि खाली लिहिलं आहे: पडदा मुख्य नटाच्या खुणेवरून पडला, पाडणाऱ्याची चूक नव्हती. गावातली म्हण यानं थांबेल असं मला वाटत नाही. निदान ज्यांनी हे वाचलं, त्यांना ती म्हणताना खरा प्रकार ठाऊक असेल.

रानातल्या त्या भेटीतलं एक सांगायचं राहिलं. निघताना मी बांधावरून वळून पाहिलं. चष्म्यावर धूळ बसली होती. तो काढला, धोतराच्या टोकानं पुसला, आणि पुढं उतार होता, नाकावरून घसरून पडू नये म्हणून घडी घालून वरच्या खिशात टाकला. चष्म्याशिवाय मला लांबचं धुरकट दिसतं. तरी एवढं दिसलं, की आल्याच्या ढिगाजवळ बसलेल्या त्या माणसाच्या हातांतला गड्डा खाली पडला आणि दोन्ही हात खांद्याच्या वर उठले, मुठी एकावर एक. क्षणभर ते तसेच राहिले. मग सावकाश खाली आले, आणि त्यांनी पडलेला गड्डा उचलून पुन्हा त्याची माती झाडायला सुरुवात केली.